रबाळ्याचं गॅरेज: स्पिटफायरचा मागचा पाटा आणि 83 इंचांचा व्हीलबेस

ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पिटफायर, हेराल्ड किंवा व्हिटेस घरात असेल आणि वळणावर मागची चाकं धडकी भरवत असतील, तर गाडी रबाळे एमआयडीसीतल्या या गॅरेजात दाखवा. कुणी चासी कापून लांब करायचा सल्ला दिला असेल, तर कापायच्या आधी नक्की दाखवा. माझ्या गाडीचं काम होऊन अख्खा पावसाळा गेला, गाडी नियमित रस्त्यावर येते आहे, म्हणून आता ठामपणे लिहिते.

गाडी 1968 ची स्पिटफायर मार्क 3. 1296 सीसीचं इंजिन, दोन कार्ब्युरेटर, कापडी टप. बाबांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी दादरच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. आता ती नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या स्टिल्टखाली असते आणि मीच चालवते. मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवते. माप न घेता ग्राइंडर हातात घेणारा माणूस मला चालत नाही, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत अशी माणसं फार भेटतात. या गॅरेजबद्दल एवढं सविस्तर लिहायचं कारण तेच: इथे आधी माप घेतात.

आधी दुखणं काय ते सांगते. स्पिटफायर 1962 साली आली. वरची देखणी बॉडी इटालियन डिझायनर जिओव्हानी मिकेलॉत्तीची, पण खालचा सांगाडा 1959 च्या हेराल्डवरून आखूड करून घेतलेला. हेराल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, 91.5 इंच, स्पिटफायरचा 83. मागचं सस्पेन्शन मात्र दोघींचं एकच. डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) चासीला पक्कं, त्याच्या डोक्यावर आडवा पाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आवळलेला, दोन्ही बाजूंना चाकापर्यंत एकेक हाफशाफ्ट. शाफ्टला क्रॉस (वाकू देणारा सांधा) फक्त आतल्या टोकाला, बाहेरच्या टोकाला चाक काटकोनात बसवलेलं. त्यामुळे चाक वर-खाली होताना उभंच्या उभं राहत नाही, त्या क्रॉसभोवती गोल फिरतं. यालाच स्विंग ॲक्सल म्हणतात. गाडी खाली बसली की चाकांचे माथे आत झुकतात. गाडी वर उचलली गेली की उलटं, चाकांचे तळ आत येतात. वेगात वळण घेताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागचा भाग उचलतो, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायला लागतं, टायर कडेवर उभा राहतो आणि गाडीची मागची बाजू फिरते. हे सगळं पापणी लवेपर्यंत.

हा दोष काही एकट्या ट्रायम्फच्या माथी नाही. शेवरलेच्या कॉर्वेअरला 1960 ते 1964 असाच स्विंग ॲक्सल होता, 1965 ला त्यांनी मागचं सस्पेन्शनच बदललं. मर्सिडीजने 300 एसएलच्या रोडस्टरला 1957 साली फिरण्याचा बिंदू खाली घेतला. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून हेराल्ड बनवली आणि 1972 ला तिची गझेल केली तेव्हा मागे सरळ लाइव्ह ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच ताठ ॲक्सलवर) टाकला, कारण इथल्या मिस्त्री मंडळींना तो स्विंग ॲक्सल आवडत नव्हता.

माझ्या गाडीचं दुखणं याहून वाढलं होतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात (नाव लिहीत नाही) स्पीडब्रेकरवर गाडी घासते म्हणून मागच्या पाट्यात एक पट्टी जादा घालून दिली होती. ट्रक-जीपला चालणारा उपाय. स्पिटफायरला मात्र तो घातक आहे, कारण मागून गाडी उंच केली की चाकांचे तळ उभ्या जागीच आत येतात. म्हणजे वळणावर जे व्हायला नको ते सोसायटीत उभ्या गाडीतच अर्धं झालेलं. वर त्याच गॅरेजने पुढचा सल्ला दिला: गाडी आखूड आहे म्हणून मागून निसटते, चासीत चार इंचांचा तुकडा घालून व्हीलबेस 87 करू, पायाला जागाही मिळेल.

हा प्रस्ताव घेऊनच मी रबाळ्याला गेले.

गॅरेजला बोर्ड नाही. ठाण्याहून कळवा, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून ठाणे-बेलापूर रोड धरायचा, दिघा, ऐरोली मागे टाकून रबाळ्याला एमआयडीसीत वळायचं. फॅब्रिकेशनच्या शेडांच्या रांगेत एका फाटकावर हेराल्डची जुनी जाळी टांगलेली दिसते, तेच. पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरतं, एवढ्या बुटक्या गाडीने तिकडून जाऊ नका, मुलुंड-ऐरोली पुलावरून या. मिस्त्री सत्तरीच्या आसपासचे, तरुणपणी गिरगावात हेराल्डवरच हात बसलेला. हाताखाली मुलगा आणि एक पत्रेवाला. बस, एवढीच माणसं.

मी चार इंचांचं सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "ताई, आधी आत्ता किती आहे ते तर बघू."

मग जे झालं ते मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला हवं होतं. शेडच्या एका कोपऱ्यातला कोबा त्यांनी पाणसळ लावून केलेला आहे, तिथे गाडी घेतली. पुढची चाकं सरळ केली, गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून दाबून पाटे जागेवर बसू दिले. हबच्या मध्यातून ओळंबा सोडला. गवंड्याचा असतो तोच, पितळी, टोक घासून बारीक केलेलं. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत मिस्त्री उकिडवे बसून राहिले, पंखा बंद करायला लावला, मग टोकाखाली खडूने फुली मारली. चारही चाकांखाली चार फुल्या. गाडी ढकलून बाजूला घेतली आणि रिकाम्या जमिनीवर पोलादी टेप लावला. डावीकडे 2108 मिलिमीटर, म्हणजे बरोबर 83 इंच. उजवीकडे 2118.

एकाच गाडीचे दोन व्हीलबेस!

नंतर त्यांनी चासीचे कर्ण मोजले, पुढच्या सस्पेन्शनच्या बुरुजांपासून मागच्या डिफरन्शियलच्या बोल्टांपर्यंत, उलटसुलट. दोन्ही सारखे. चासी सरळ आहे, वाकलेली नाही, हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. मग दहा मिलिमीटर आले कुठून? मिस्त्रींनी उजवी सीट काढायला लावली. स्पिटफायरमध्ये मागच्या चाकाला पुढे-मागे धरून ठेवणारा जो दांडा असतो, रेडियस आर्म, त्याचं पुढचं टोक चासीला नाही, सीटमागच्या पत्र्याला बोल्ट केलेलं असतं. हेराल्डमध्ये ते चासीला असतं, इथे बॉडीला. गालिचा उचलल्यावर त्या पत्र्यावर रंगाखाली पुटी, पुटीखाली फायबर, आणि फायबरखाली हाताने चुरा होणारा गंज. आपल्या खाडीकाठच्या हवेत पन्नासहून अधिक वर्षं काढलेली गाडी, हे व्हायचंच. प्रत्येक खड्ड्याला आणि प्रत्येक ब्रेकला चाक मागे ओढलं जातं, ते त्या सडलेल्या पत्र्याला थोडं थोडं खेचत आलेलं.

याचा परिणाम नुसता व्हीलबेसवर होत नाही. शाफ्ट आतल्या क्रॉसवर आडवाही फिरतो. त्याचं बाहेरचं टोक दहा मिलिमीटर मागे गेलं की सुमारे अर्ध्या मीटर लांबीच्या शाफ्टवर चाक एक अंशाहून जास्त बाहेर बघायला लागतं. मागचं चाक एक अंश बाहेर वळलेलं असणं म्हणजे मागून कुणीतरी सतत थोडं स्टीअरिंग फिरवत असणं. आणि ब्रेक मारला की पत्रा आणखी खेचला जाणार, चाक आणखी बाहेर बघणार. गाडी ब्रेकवर उजवी-डावी का करायची, ते इतक्या वर्षांनी मला जमिनीवरच्या खडूच्या फुल्यांत दिसलं.

एवढं झाल्यावर त्यांनी चार इंचांचं उत्तर दिलं. ते मला पूर्ण पटलं, म्हणून माझ्या शब्दांत मांडते. व्हीलबेस वाढवला की सरळ रस्त्यावर गाडी थोडी शांत होते, ब्रेकवर पुढे जाणारं वजन कमी होतं, मागची बाजू फिरली तरी थोडी सावकाश फिरते. 83 चे 87 म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास फरक. पण चाकाचं दुमडणं आडव्या दिशेतलं आहे. शाफ्टची लांबी, क्रॉसची उंची आणि पाट्याची कमान यांवर ते ठरतं, आणि यातल्या एकालाही त्या चार इंचांचा धक्का लागत नाही. उलट प्रॉपेलर शाफ्ट नवा करून बॅलन्स करा, ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबल वाढवा, दाराच्या मागे बॉडीत तुकडा जोडा, आणि चोवीस फुटांत वळणारी ही गाडी नौपाड्याच्या गल्लीत एका दमात वळत होती तेही घालवा. मिस्त्रींनी तरुणपणी एका हेराल्डची चासी साडेआठ इंच आखूड करून दोन सीटची गाडी बनवली होती. त्यांचा अनुभव असा की वेल्डिंग टिकतं, पण वेल्डिंगच्या शेजारच्या, तापून नरम झालेल्या पत्र्यात पुढे तडा निघतो. धातूशास्त्रही तेच सांगतं.

कायद्याचा मुद्दा मी स्वतः वाचून पाहिला. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवी नोंदणी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, पुढचं नूतनीकरण 5,000. मात्र गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. चासीत चार इंच घातले की हा दरवाजा बंद. त्याआधी जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असं स्पष्ट केलं होतं. बाबांच्या गाडीच्या कागदांशी मला खेळ करायचा नव्हता.

तेव्हा ठरलं ते असं: व्हीलबेस दोन्हीकडे मूळ 83 वर आणायचा, आणि स्वभाव बदलायचा तो पाट्यातून.

पत्र्याचं काम आधी. कुजलेला भाग कापून काढला, 16 गेजचा नवा पत्रा आतून-बाहेरून पेटीसारखा बंद करून बसवला, बोल्टांमागे जाड पट्टी दिली. डाव्या बाजूला वरून काही दिसत नव्हतं, तीही उघडून तपासली. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणून मागची चाकं लाइनीत घेतली. या गाडीत ते रेडियस आर्मच्या ब्रॅकेटमागे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून किंवा काढून होतं. नव्या कॉम्प्युटर अलाइनमेंटवाल्यांच्या यादीत ही गाडीच नसते, त्यामुळे हे दोरीचं काम येणारा माणूस सोन्याच्या मोलाचा.

पाट्याच्या बाबतीत मिस्त्री एकदम नव्या मालावर गेले नाहीत, हे मला विशेष आवडलं. आधी ती जादा पट्टी काढली. शॉकअपही बदलले, कारण आधीच्या गॅरेजने दुसऱ्या गाडीचे लांब शॉकअप बसवले होते. स्पिटफायरमध्ये चाक खाली किती लोंबेल ते शॉकअपची लांबी ठरवते. लांब शॉकअप म्हणजे चाकाला दुमडायला जास्त मोकळीक. मूळ लांबीचे घातले आणि म्हणाले, "चालवा, मग बोलू." तेवढ्यानेच गाडी निम्मी सुधारली. ज्यांना खर्च इथेच थांबवायचा आहे त्यांनी थांबावं, कळंबोलीच्या बाजूला जुना पाटा तापवून कमान मारून देणारे आहेत, मिस्त्री तिथे पाठवतात.

मी पुढे गेले. ट्रायम्फनेच 1970 साली मार्क 4 ला जो बदल केला तो माझ्या मार्क 3 ला करून घेतला, म्हणजे स्विंग स्प्रिंग. जुन्या पाट्याच्या सगळ्या पट्ट्या डिफरन्शियलवर घट्ट आवळलेल्या असतात. नव्यात एकच पट्टी आवळलेली, बाकीच्या एका पेटीत पिनेवर झुलत्या. गाडी दोन्ही चाकांवर सारखी दबली की सगळ्या पट्ट्या वजन घेतात. वळणावर गाडी एका अंगाला कलली की झुलत्या पट्ट्या नुसत्या कलतात, विरोध करत नाहीत. त्यामुळे मागचा भाग उचलला जाणं आणि बाहेरचं चाक दुमडणं खूप कमी होतं. साधी, कमी खर्चातली आणि फार हुशार युक्ती आहे ती. पण मागचा कडकपणा कमी झाला की गाडी जास्त कलते, म्हणून पुढचा अँटी-रोल बार (कलणं रोखणारा दांडा) जाड घालावाच लागतो, कंपनीनेही घातला होता. इंग्लंडहून पाटा मागवाल तेव्हा बारही त्याच पार्सलमध्ये मागवा. नुसता पाटा बदलणारे अर्धंच काम करतात.

ट्रायम्फच्याच जीटी 6 ला 1968 मध्ये आलेली रोटोफ्लेक्सची रचना मी विचारली होती, खाली विशबोन आणि शाफ्टवर रबरी कपलिंग. वळणावर ती सरस, यात वाद नाही. पण तिला चासीवर ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, आणि ती रबरं आपल्या उन्हात आणि खड्ड्यांत किती टिकतील याची हमी मिस्त्री देईनात. पाटा मात्र बोल्टांवर बसतो. सीटमागचं झाकण उघडलं की हाताशी येतो, उद्या मूळ पाटा परत घालायचा तर तसाच घालता येतो. पाट्याखाली ब्लॉक घालून गाडी आणखी खाली बसवायलाही त्यांनी नकार दिला, आणि घोडबंदर रोडवरचे स्पीडब्रेकर पाहता बरंच झालं.

आता चालवण्याबद्दल. उपवनवरून येऊरकडे चढणारा रस्ता मी पहाटे निवडला, उतरताना तिथे लागोपाठ वळणं आहेत. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना वळणात पाय काढला की सीटखालून गाडी उचलली गेल्याचं पाठीला कळायचं, हात आपोआप आवळले जायचे. आता त्याच वळणात पाय काढला तर नाक किंचित आत घेते आणि मागची बाजू बसून राहते. कलते पूर्वीपेक्षा थोडी जास्त, पण कलणं सांगून येतं. पाम बीच रोडवर सरळ धावताना स्टीअरिंग सैल धरता येतं, ब्रेकवर गाडी रेषेत थांबते. ही दुसरी गोष्ट पाट्याची नाही, त्या दहा मिलिमीटरांची आहे. दोन माणसं आणि भरलेली टाकी असली की मागची चाकं माथ्याकडे आत झुकलेली दिसतात, ते बरोबर आहे. टायर आतल्या कडेला थोडा लवकर झिजेल एवढं गृहीत धरा. मी जुन्या वॅगन-आरचे 145/80 आर 13 वापरते, कोणत्याही दुकानात मिळतात.

तक्रारी आहेत. सांगितलेल्या तारखेला गाडी मिळत नाही, कारण ते एका वेळी एकच गाडी उघडतात आणि पत्रेवाला सणाला गावी गेला की काम तिथेच थांबतं. फोन उचलत नाहीत. बिल मागितल्यावरच लिहून देतात. मी आधीच कागदावर कामांची यादी करून दोघांच्या सह्या घेतल्या, तुम्हीही घ्या. खालून मारलेल्या रंगावर ब्रशच्या रेघा दिसतात, एवढ्या सुंदर वेल्डिंगवर तो रंग शोभत नाही. टपाची एक क्लिप हरवली, ती त्यांनी लेथवर नवी करून दिली, पण मी दाखवल्यावर. वायरिंगचं काम त्यांच्याकडे देऊ नका, ते स्वतःच नको म्हणतात. पावसात अंगणात पाणी साचतं, त्यामुळे दिवाळीनंतर गाडी नेलेली बरी.

मजुरी, पत्र्याचं काम आणि शिम-बुश धरून 38,000 रुपये झाले. पाटा, बार आणि शॉकअप यांचं पार्सल कस्टमसह याहून महाग पडलं. चासी लांब करण्याचा जो आकडा मला आधी सांगितला गेला होता, त्याच्या निम्म्याच्या आत हे सगळं बसलं.

नेताना गाडीतलं सामान काढून ठेवा, टायरांत हवा सारखी भरा आणि माप घेताना स्वतः हजर राहा. काढलेला पाटा परत मागून घ्या, व्हिंटेजच्या तपासणीला मूळ भाग जवळ असलेला चांगला. पुढच्या ट्रनियनचं (पुढचं चाक वळवणाऱ्या खालच्या सांध्याचं) काम मी त्यांच्याकडेच दिलं आहे. तिथे ग्रीस चालत नाही, 90 नंबरचं गिअर ऑइल लागतं, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही.